तळटीप : खोताचीवाडीतील ‘साधी’ घरे

गिरगावातल्या खोताचीवाडीतील लाकडी घरांना लेखक ‘साधी’ म्हणतो. ती साधी आहेतच, पण म्हणून ती जतनास अपात्र ठरत नाहीत. खांब-तुळयांचा सांगाडा, गल्लीकडे तोंड केलेला व्हरांडा, बाहेरून चढणारा जिना, उतरते कौलारू छप्पर ही सारी मांडणी मुंबईचा पाऊस आणि घामट हवा ओळखून केलेली आहे. (मंगळुरात बासेल मिशनचा कौलांचा कारखाना १८६५ चा, त्याआधीच्या घरांवर मंगळुरी कौले मागाहूनच चढली असणार.) जतनाविरुद्धचा नेहमीचा आक्षेप इथूनच निघतो : कौले बदलली, वाळवीने खाल्लेले वासे बदलले, मग जुने उरले काय? परंतु लाकडी घर सांध्यांनी जोडलेले असते, त्यामुळे त्याचा खराब झालेला तुकडा काढून नवा बसवता येतो. दुरुस्ती हा त्याच्या बांधणीचाच भाग. अस्सलपणा केवळ मूळ द्रव्यावर न जोखता आराखडा, वापर आणि परंपराही पाहाव्यात, ही भूमिका वारसा जतनाविषयीच्या १९९४ च्या नारा दस्तऐवजानेही मांडली आहे. डागडुजीचा खर्च मालकानेच का सोसावा, हा दुसरा आक्षेप मात्र जास्त वजनदार आहे. मुंबईची वारसा नियमावली पाडकामाआधी परवानगी मागते; वाशांना तेलपाणी करायला पैसे कोणी द्यायचे, हा प्रश्न ती सोडवत नाही.