नामशेषतेची प्रतवारी आणि रानपिंगळा

एखादी जात नामशेष होण्याच्या किती निकट आली आहे, हे ठरविणारी प्रतवारी फार जुनी नाही. आंतरराष्ट्रीय निसर्गसंरक्षण संघ १९४८ साली स्थापन झाला. त्याच्या ‘रेड डेटा बुक’चे सस्तन प्राणी व पक्षी ह्यांवरील खंड १९६६ साली निघाले. पुढे ‘संकटग्रस्त’, ‘असुरक्षित’, ‘दुर्मिळ’ असे वर्ग रूढ झाले. संकटाची कारणे चालू राहिल्यास जी टिकणे संभवत नाही, ती जात संकटग्रस्त. परंतु ती किती वर्षांत नाहीशी होईल, ह्याविषयी व्याख्या मौन होती. दोन तज्ज्ञांनी एकाच जातीला दोन वर्गांत घातले, तर त्यांपैकी कोणाचेच म्हणणे खोडून काढता येत नसे.

हा दोष जॉर्जिना मेस व रसेल लँड ह्यांनी १९९१ साली दाखवून दिला आणि वर्गांना काळाची व संभाव्यतेची जोड दिली. त्यांतूनच १९९४ चे निकष सिद्ध झाले. संख्येतील घट, अधिवासाचा विस्तार, प्रौढ जीवांची संख्या ह्यांना आकडे लावण्यात आले. उदाहरणार्थ, प्रौढ जीव ५० हून कमी असल्यास जात ‘अतिसंकटग्रस्त’, २५० हून कमी असल्यास ‘संकटग्रस्त’. पाच निकषांपैकी एकही पुरा होत असला तरी पुरे. मतभेदाला आता निदान आकड्यांचा आधार मिळाला, ही प्रगती निःसंशय मोठी होय.

तथापि आकडा पक्ष्याविषयी बोलतो की निरीक्षकाविषयी, हा प्रश्न उरतोच. रानपिंगळ्याचा इतिहास ह्या दृष्टीने उद्‌बोधक आहे. ब्लुइटने मिळविलेल्या नमुन्यावरून ह्यूमने १८७३ साली ह्या जातीचे वर्णन केले; खानदेशात डेव्हिडसनने १८८४ साली नमुना मिळविल्यानंतर खात्रीची नोंद झाली नाही. मधली एकच नोंद होती, ती गुजरातेतील मांडवीची, १९१४ सालची व माइनर्टझागेनच्या नावावरची. ती बनावट निघाली: संग्रहालयातून चोरलेला जुनाच नमुना नव्याने भरून त्यावर खोटी चिठ्ठी लावलेली होती. जी नोंद सर्वांत अलीकडची म्हणून सर्वांत मोलाची वाटावी, तीच शोधकांना भलतीकडे नेत होती. अस्सल नमुन्यांच्या ठिकाणांचा माग घेत पामेला रासमुसेन व तिच्या सहकाऱ्यांनी नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ हा पक्षी पाहिला. पुढे तो मेळघाटात आणि २०१४ साली तानसा अभयारण्यातही आढळला.

२०१८ साली रानपिंगळा ‘अतिसंकटग्रस्त’ वर्गातून ‘संकटग्रस्त’ वर्गात आला. सातपुड्यातील वृक्षतोड काही त्यामुळे थांबली नव्हती. वाढले ते पक्ष्याविषयीचे ज्ञान. संघाची पद्धती हा भेद जाणते. वर्ग बदलला, तर तो जातीची स्थिती पालटल्यामुळे की माहिती सुधारल्यामुळे, ह्याची नोंद ती वेगळी ठेवते. आणि लाल यादीचा निर्देशांक केवळ पहिल्या प्रकारच्या बदलांवरून काढला जातो. दुर्दैवाने वृत्तपत्री मथळ्यांत हा विवेक क्वचितच उतरतो.

‘नामशेष’ हा शिक्का मात्र शेवटचा जीव मेला ह्याविषयी वाजवी शंका उरली नसेल तेव्हाच मारावा, असा दंडक आहे. म्हणूनच विसाव्या शतकाच्या पूर्वार्धानंतर ज्याची खात्रीची नोंद नाही, ते गुलाबी डोक्याचे बदक आजही ‘अतिसंकटग्रस्त’ वर्गातच आहे. संख्याशास्त्राच्या दृष्टीने हे विसंगत दिसते. पण शिक्का घाईने बसला, तर शोध थांबतो, संरक्षण थांबते, आणि कोठे एखादी जोडी उरली असल्यास तिच्या पाणथळीची राखण करण्यास कारण उरत नाही.