पंचनामा आणि उंबरठा

'पंचनामा' हा शब्द अर्धा संस्कृत, अर्धा फारसी. पंचांसमक्ष लिहिलेला कागद, एवढाच त्याचा मूळ अर्थ. तो मराठीत इतका मुरला की आपण समीक्षक मंडळी कादंबरीचाही पंचनामा करतो. मराठवाड्यात मात्र पावसाळा सरता सरता मूळ अर्थच जागा होतो. बुडालेल्या शेताची नोंद कुणी केली, यावर पुढचा सारा वाद उभा राहतो.

लातूरला लागून असलेल्या तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यात ऑक्टोबर २०२०च्या अतिवृष्टीने काढणीला आलेले सोयाबीन भिजले, रचलेल्या गंजीही भिजल्या. प्रधानमंत्री पीक विमा योजनेच्या नियमानुसार नुकसानीची सूचना ७२ तासांत द्यावयाची होती. महसूल खात्याचे पंचनामे झाले; पण वेळेत सूचना नाही म्हणून विमा कंपनीने बहुसंख्य दावे मानले नाहीत. रानात गुडघाभर चिखल असताना मोबाइलवरून अर्ज भरावा, ही अपेक्षा कुणाच्या मेजावर सुचली असेल, कोण जाणे! मे २०२२ मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने साडेतीन लाखांहून अधिक शेतकऱ्यांना भरपाई देण्याचा आदेश दिला. कंपनी सर्वोच्च न्यायालयात गेली.

या वादाचे मूळ शोधताना वि. म. दांडेकरांपर्यंत मागे जावे लागते. इतक्या लहान लहान जमिनींवर शेतनिहाय पाहणी परवडणार नाही, म्हणून विम्याचा आधार क्षेत्राचे सरासरी उत्पादन असावा, ही मांडणी त्यांनी १९७६ मध्ये केली. १९७९ची प्रायोगिक योजना, १९८५ची सर्वंकष योजना आणि २०१६ची आजची योजना त्याच पायावर उभ्या आहेत. आज महसूल मंडळाचे उत्पादन 'उंबरठा उत्पादना'खाली गेले तर भरपाई मिळते. अवर्षणासाठी हा विचार चोख आहे, कारण अवर्षण साऱ्या शिवारावर सारखे उतरते. पूर तसा येत नाही. मांजरा किंवा तेरणा काठ सोडते तेव्हा नदीकाठची पट्टी जाते, माळावरचे सोयाबीन उभे राहते. सरासरीत दोघे सारखेच ठरतात. ही उणीव भरून काढण्यासाठीच शेतनिहाय पाहणीची 'स्थानिक आपत्ती'ची तरतूद होती.

ऑगस्ट २०२५ मध्ये नांदेडच्या मुखेड तालुक्यातील हसनाळ, रावणगाव ही लेंडीकाठची गावे पाण्याखाली गेली. नेमकी त्याच खरिपापासून राज्याने ही तरतूद वगळली होती. २०२३ मध्ये आलेला एक रुपयाचा विमाही बंद झाला होता. ७२ तासांचा वाद मिटला खरा, पण सूचना देण्याचा हक्कच उरला नाही. भरपाई पीक कापणी प्रयोगांच्या आधारे ठरणार होती. मंडळातल्या काही निवडक शेतांत चौकट आखायची, आतले पीक कापून तोलायचे. ती शेते नदीकाठची असतीलच, असे नाही.