गिरणीचा भोंगा आणि खानावळीची चूल : गिरणगावातील घरगुती व्यवसायाचा इतिहास

#थ्रेड #मुंबईचाइतिहास #गिरणगाव

मुंबईच्या गिरण्यांचा इतिहास सांगताना मालक येतात, संप येतात, पुढारी येतात. ज्या चुलींवर हा सारा कामगारवर्ग जेवत होता, त्या मात्र बहुधा तळटीपेतच राहतात. चाळीतील एका खोलीत दोन्ही वेळचे जेवण रांधून परक्या पुरुषांना महिन्याच्या बोलीवर वाढणाऱ्या स्त्रियांनी सुमारे शतकभर एक मोठा व्यवसाय चालवला. त्याला दुकान नव्हते, पाटी नव्हती, जाहिरात तर नव्हतीच. गिऱ्हाईक मात्र नेमके हेरलेले होते.

हे गिऱ्हाईक कोठून आले, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते. कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये कापडगिरणीची कंपनी स्थापन केली आणि १८५६ मध्ये ताडदेवला गिरणी सुरू झाली. पुढच्या पन्नास-साठ वर्षांत भायखळा, लालबाग, परळ, वरळी, शिवडी या पट्ट्यात गिरण्यांची दाटी झाली. १९२० च्या दशकात त्यांत सुमारे दीड लाख माणसे राबत होती. ही माणसे मुंबईची नव्हती. त्या काळी शहरातील दर दहा रहिवाशांपैकी आठजण मुंबईबाहेर जन्मलेले होते, आणि बाहेरून आलेल्यांत सर्वांत मोठा वाटा रत्नागिरी जिल्ह्याचा होता. (तेव्हाच्या रत्नागिरीत आजचा सिंधुदुर्गही येतो, हे ध्यानात ठेवावे.) त्याखालोखाल घाटावरचे सातारा, पुणे, अहमदनगर.

हे पुरुष बहुतेक एकटेच आले. घरातील एकाने मुंबईला जायचे, बाकीच्यांनी शेताचा तुकडा सांभाळायचा, ही कुटुंबाची रीत. गिरणीचा पगार एका माणसाच्या पोटापुरता. त्यात बायकामुलांसह मुंबईत बिऱ्हाड करणे बहुतेकांना झेपणारे नव्हते. परिणामी १९२१ च्या सुमारास शहरात हजार पुरुषांमागे स्त्रिया होत्या साडेपाचशेच्या आसपास. गिरणगावातील चाळींत तर एकेका खोलीत दहा-पंधरा गाववाले मिळून राहत. पाळ्या बदलत्या असल्याने एकाने उठावे आणि दुसऱ्याने त्याच जागी पथारी टाकावी, असा प्रकार. अशा खोलीत झोपता येते, ट्रंक ठेवता येते, पण स्वयंपाक कोण करणार? बारा-बारा तास यंत्रापुढे उभे राहून आलेल्या माणसाने चूल कधी पेटवायची?

खानावळ उभी राहिली ती या प्रश्नावर.

ती चालवणाऱ्या स्त्रियांचा विचार केला, तर यातील बहुतेकींनी व्यवसाय आवडीने निवडलेला नव्हता. कोणी विधवा होती, कोणाचा नवरा क्षयाने अंथरुणाला खिळलेला, कोणाचा बेकार, तर कोणाला नवऱ्याने टाकलेले. काहींना पूर्वी गिरणीत काम होते. १९२० च्या दशकात गिरणी कामगारांत साधारण पाचात एक स्त्री होती. मुख्यतः सूत गुंडाळण्याच्या खात्यांत. पुढे हे प्रमाण घसरत गेले. स्त्रियांच्या रात्रपाळीवर बंदी होती, १९२९ च्या कायद्याने प्रसूतीकाळाचा भत्ता मालकावर आला, आणि त्याच सुमारास गिरण्यांत कामाच्या फेररचनेची लाट आली. ज्या खात्यांत स्त्रिया होत्या, तीच खाती आकसली. स्त्रियांच्या हितासाठी केलेला कायदा त्यांना कामावरून दूर करण्याचे निमित्त ठरावा, हा या इतिहासातील कडवट भाग. गिरणीचे दार बंद झाले तरी गिरणीचा कामगार दारातून रोज जातच होता. त्याला जेवायला घालणे हे हाती उरलेले काम होते.

आता बाजारपेठेकडे पाहू. बाहेरून पाहणाऱ्याला दीड लाख भुकेले पुरुष म्हणजे एकच एक गिऱ्हाईक वाटेल. चाळीतील बाईला तसे कधीच वाटले नाही. कोकणातल्या माणसाला भात आणि माशाचे कालवण हवे, घाटावरच्याला भाकरी आणि झणझणीत आमटी. मालवणकडचा माणूस चार दिवस बाजरीची भाकरी खाऊन कुरकुरणार, आणि सातारकडचा चार दिवस भात खाऊन उपाशी राहिल्याची तक्रार करणार. म्हणून खानावळी तालुक्यागणिक, कित्येकदा गावागणिक विभागलेल्या असत. गावाकडून नवा पोऱ्या आला की गाववाले त्याला आपल्या खोलीत जागा देत, जॉबरकडे रदबदली करून गिरणीत चिकटवत आणि आपल्याच खानावळीत मेंबर करून टाकत. बाईला गिऱ्हाईक शोधत फिरावे लागत नसे. गावकीची साखळीच ते आणून देई. त्याबरोबर त्या माणसाची पतही येई, कारण तो बुडवून पळाला तरी त्याचे गाव आणि घर ठाऊक असे.

या साखळीची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. गाव म्हणजे जात. खानावळीच्या पंगतीत कोण बसणार, हे तालुक्याइतकेच जातीने ठरे. दलित कामगारांना वेगळ्या चाळी, वेगळे पाणी आणि वेगळ्या खानावळी. गिरणीतही विणकाम खात्यात त्यांना प्रवेश नव्हता. धोट्यातील सूत तोंडाने ओढावे लागते आणि त्यामुळे विटाळ होतो, हे त्याचे कारण सांगितले जाई. १९२८ च्या संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे ठेवला होता. विणकाम हे चांगल्या पगाराचे खाते. म्हणजे दलित वस्तीतील खानावळवालीचे गिऱ्हाईक मुळातच कमी पगाराचे. एकच व्यवसाय आणि एकच मेहनत असूनही कमाईची मर्यादा मात्र दुसऱ्याच कोणी आखून दिलेली. गिरणगावच्या एकोप्याच्या आठवणी काढताना हे सहसा गाळले जाते.

रोजचा व्यवहार कसा चाले? साधारण दहा बाय बाराची खोली. तीत बाईचा संसारही आणि खानावळही. पहाटे नळाला पाणी येण्याआधी उठायचे, पहिल्या पाळीच्या भोंग्याआधी डबे भरायचे, मग पाळीवरून सुटलेल्यांची पंगत, मग संध्याकाळचा बाजार, पुन्हा चूल. युद्धकाळात तिसरी पाळी आल्यावर चूल विझण्याची वेळच उरली नाही. मेंबर महिन्याने पैसे देत. गावी गेल्याचे दिवस खाडे म्हणून वजा होत. सणावाराला गोडधोड आणि रविवारी मटण किंवा मासळी, ही अपेक्षा दोन्ही बाजूंनी न बोलता ठरलेली. मुले भांडी घासत, मुली पोळ्या-भाकऱ्या लाटत-थापत. या मजुरीचा हिशेब कोणत्याच वहीत नसे, आणि मेंबरांकडून मिळणाऱ्या दरात तो धरलेलाही नसे.

खरा पेच पैशाच्या वेळेचा होता. गिरणीचा पगार महिना संपल्यावर लगेच मिळत नसे. कित्येक ठिकाणी पुढचा अर्धा महिना उलटे. १९३६ च्या वेतन कायद्याने मोठ्या कारखान्यांना दहा दिवसांची मुदत घालून दिली, हीसुद्धा तेव्हा सुधारणाच होती. याचा अर्थ असा की, कामगार चाळीस दिवस जेवल्यावर बाईच्या हाती पैसा पडे. तोवर तांदूळ, तेल, मसाला, कोळसा यांसाठी वाण्याकडे उधारी. वाणी थांबला नाही की सावकार. सावकाराचे व्याज महिन्याच्या महिन्याला मोजले जाई. हातात येणाऱ्या पैशातून आधी ते जाई आणि मग उरले तर घरखर्च.

थोडक्यात, गिरणीमालक कामगाराची मजुरी महिनाभराहून अधिक काळ वापरत होता आणि त्या काळातील कामगाराच्या जेवणाला भांडवल पुरवत होती ती खानावळवाली. मुंबईच्या कापडधंद्याला कर्ज देणाऱ्यांची यादी करायची झाली, तर बँका आणि पेढ्यांच्या शेजारी या बायकांची नावे लिहावी लागतील.

संपात हे अधिकच उघड होई. १९२८ चा सार्वत्रिक संप सहा महिने चालला. पगार नाही, पण भूक तर थांबत नाही. काही कामगार गावी जात आणि जे राहत ते उधारीवर जेवत. नीरा आडारकर आणि मीना मेनन यांनी गिरणगावच्या माणसांच्या तोंडून जो इतिहास नोंदवला आहे, त्यात संपाचा भार चाळीतील बायकांनी कसा पेलला हे ठायीठायी दिसते. संप मिटल्यावर कामगार हळूहळू पैसे फेडी, आणि बाई त्यातून सावकाराचे. मधल्या काळात अंगावरचा डाग गहाण पडे. मंगळसूत्रसुद्धा सुटत नसे.

ही गोष्ट एका कार्यकर्तीच्या नजरेला खुपली. प्रेमा पुरव मूळच्या गोव्याच्या. गोवा मुक्तिलढ्यात सहभागी झालेल्या आणि पुढे मुंबईत कम्युनिस्ट कामगार चळवळीत काम करणाऱ्या. संघटना कामगाराची होती, मागण्या कामगाराच्या होत्या, आणि संपात त्याला जेवू घालणारी बाई मात्र कोणत्याच मागणीपत्रात नव्हती. कायद्याच्या भाषेत ती कामगार नव्हती आणि बँकेच्या भाषेत व्यावसायिक नव्हती. १९७४ च्या संपानंतर पुरव यांनी या बायकांना एकत्र आणायला सुरुवात केली आणि १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभे राहिले.

मंडळाने पहिला घाव घातला तो सावकारीवर. १९६९ मध्ये १४ मोठ्या बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले होते आणि १९७२ पासून अगदी गरिबांना ४ टक्के दराने कर्ज देण्याची योजना कागदोपत्री अस्तित्वात होती. अडचण अशी की, कर्ज मागायला येणाऱ्या बाईकडे तारण नाही, परवाना नाही, खोली बहुधा नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या नावावर, आणि सहीऐवजी अंगठा. मंडळाने वस्तीवस्तीत बायकांचे गट केले, एकमेकींची हमी एकमेकींनी घेतली, आणि बँकेला सांगितले की ही आमची पत. कर्जे लहान होती. पण त्यातून सावकाराचे देणे फिटले, धान्य घाऊक भावाने घेता आले, आणि परतफेडही झाली. हे घडले तेव्हा बचत गट हा शब्द सरकारी योजनांत रुळायचा होता.

येथे लिज्जतची आठवण येणे स्वाभाविक आहे. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावात सात स्त्रियांनी उसन्या ८० रुपयांवर पापड लाटायला सुरुवात केली, ही कथा सर्वपरिचित. शहर एक, काळ जवळपासचा, स्त्रियांचे हात तसेच. मग एक उद्योग देशभर का पसरला आणि दुसरा चाळीबाहेर का पडू शकला नाही? उत्तर मालात आहे. पापड वाळतो, टिकतो, पुडीत बांधून आगगाडीत घालता येतो. गिरगावात लाटलेला पापड कोण खाणार हे लाटणारीला ठाऊक असण्याची गरज नाही. भात-कालवणाचे तसे नाही. ते दोन तासांत खपले पाहिजे आणि खाणारा चालत येण्याइतक्या अंतरावर हवा. खानावळवालीचे गिऱ्हाईक अगदी नेमके, ओळखीचे आणि हक्काचे होते. तेवढेच ते एका ठिकाणी बांधलेलेही होते. सगळे मेंबर एकाच धंद्यात, एकाच पगाराच्या तारखेवर जगणारे.

१८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. पहिले काही महिने खानावळी चालल्या, पूर्वीच्या संपांत चालल्या तशाच, उधारीवर आणि या विश्वासावर की संप एक दिवस मिटेल आणि वहीतील आकडे फिटतील. हा संप कधी रीतसर मिटलाच नाही. हजारो कामगार गावी गेले ते परतले नाहीत. अनेक गिरण्या पुन्हा उघडल्या नाहीत, आणि ज्या उघडल्या त्यांत पूर्वीइतकी माणसे नव्हती. एका स्त्रीचे दहा-वीस मेंबर म्हणजे तिची संपूर्ण बाजारपेठ. ती एका वर्षात नाहीशी झाली आणि येणे तेवढे वहीत राहिले.

मंडळाशी जोडलेल्या बायकांना निदान दुसरे गिऱ्हाईक शोधण्याचा अवसर मिळाला. दादरच्या केंद्रातून कार्यालयांना आणि समारंभांना जेवण पुरवण्याचे काम सुरू झाले. पुढे वाशीलाही मंडळाचे काम पोहोचले. हे गिऱ्हाईक अगदी निराळे होते. त्याला तालुक्याची चव नको होती, सर्वांना चालेल असे जेवण हवे होते. ते उधारीवर जेवत नव्हते, पण बिल, वेळ आणि माप यांत पक्के होते. खोलीतील चुलीपेक्षा एकत्र स्वयंपाकघर त्याला सोयीचे. ज्या बायका कोणत्याच मंडळात नव्हत्या, त्यांतील कित्येक धुणीभांडी करू लागल्या, काहींनी पोळीभाजीचे डबे सुरू केले, आणि बऱ्याचजणी आपल्या मेंबरांच्या मागोमाग गावी गेल्या.