दादाचं ॲसिड आणि लूपची गोष्ट

गणपतीला दीड महिना उरला असताना दादाची व्हॉइस नोट आली. दादा माझा मामेभाऊ, इचलकरंजीत त्याचा साउंडचा धंदा आहे. पण परिसरातल्या मंडळांमध्ये त्याचं नाव आहे ते ट्रॅकमुळे. हलगी, ताशा, संबळ यांच्या तालावर बेतलेले वरातीचे आणि मिरवणुकीचे ट्रॅक तो स्वतः बनवतो.

"अरं, हार्ड डिस्क टकटक वाजाय लागलीया. नवीन कॉम्प्युटर घिऊ का हेच रिपेर करू? आणि नवीन घेतला तर त्यात माझं ॲसिड चालंल का?"

मी सॉफ्टवेअर इंजिनियर. 'आता हे जुनं व्हर्जन आम्ही बंद करतोय, कृपया नव्यावर या' अशी ईमेलं लिहायचं काम माझ्याकडेही येतं. त्यामुळे उत्तर जिभेवर तयार होतं : "दादा, सोड ते. नवीन घे." पण दीड महिन्यावर त्याचा वर्षाचा मुख्य सीझन होता आणि त्या डब्यात बारा-तेरा वर्षांचं काम होतं. म्हणून म्हटलं, आधी नीट बघू. हा लेख त्या बघण्यातून आला.

लूप संगणकाच्या आधीचा

लूप म्हणजे ध्वनीचा एक तुकडा, जो संपला की जराही न अडखळता पुन्हा सुरू होतो. ही कल्पना संगणकाच्या बरीच आधीची. १९४८ साली पॅरिसमध्ये पिएर शेफर हा रेडिओ इंजिनियर तबकडीवर अशी खाच कोरून घेत होता, जी गोल फिरून स्वतःलाच मिळते. सुई त्या खाचेत अडकली की तोच आवाज पुन्हा पुन्हा वाजणार. आपल्याकडे 'रेकॉर्ड अडकली' ही तक्रार असते. शेफरनं तिचं संगीत केलं. पुढे टेप आली, टेपची दोन टोकं चिकटवली की झाला लूप. १९६५मध्ये स्टीव्ह राइश या अमेरिकन संगीतकारानं एकाच आवाजाचे दोन टेप-लूप एकत्र सुरू केले आणि ते हळूहळू एकमेकांपासून कसे सरकतात, यावर आख्खी रचना उभी केली.

मग १९६९. 'द विन्स्टन्स' या अमेरिकी बँडनं एका रेकॉर्डच्या मागच्या बाजूला 'आमेन, ब्रदर' नावाचं गाणं टाकलं. त्यात मध्येच सगळी वाद्यं थांबतात आणि ड्रमर ग्रेगरी कोलमन एकटा चार आवर्तनं वाजवतो, जेमतेम सहा-सात सेकंद. १९८०च्या दशकात सॅम्पलर स्वस्त झाले आणि हिप-हॉपवाल्यांनी हा तुकडा उचलला. नंतर इंग्लंडमध्ये 'जंगल' नावाचा अख्खा संगीतप्रकार बऱ्याच अंशी याच तुकड्यावर उभा राहिला. हजारो गाण्यांत तो वाजला. कोलमनला रॉयल्टीचा एक पैसाही मिळाला नाही, २००६मध्ये तो वारला. २०१५मध्ये चाहत्यांनी इंटरनेटवर वर्गणी काढून बँडचा प्रमुख रिचर्ड स्पेन्सर याला सुमारे २४ हजार पौंड दिले. तेव्हा कोलमनला जाऊन नऊ वर्षं झाली होती.

वेग वाढला की सूर चढतो

लूपवाल्यांची एक जुनी डोकेदुखी होती. रेकॉर्ड किंवा टेप वेगानं फिरवली, की सूरही वर जातो. समजा, ९६च्या लयीतला तुकडा ११८च्या लयीत बसवायचा आहे. नुसता वेग वाढवला तर सूर सुमारे साडेतीन सेमीटोन चढतो. काळी एकमधली चाल पांढरी तीन आणि चारच्या मध्ये कुठेतरी लटकते. पेटीवाला वैतागणारच.

यावर दोन मुख्य उपाय निघाले. पहिला, तुकड्याचे बारीक कण करायचे आणि ते एकमेकांवर कमीजास्त चढवून लांबी बदलायची. १९८०च्या दशकाच्या शेवटी अकाईच्या सॅम्पलरमध्ये ही सोय आली. जास्त ताणलं की आवाज पत्र्यासारखा खरखरायचा. जंगलवाल्यांना नेमका तोच खरखराट आवडला, आणि आज तो बिघाड मुद्दाम आणून देणारी सॉफ्टवेअरं मिळतात. दुसरा उपाय कापण्याचा. १९९४मध्ये स्वीडनच्या प्रॉपेलरहेड कंपनीचं 'रीसायकल' आलं. ते प्रत्येक ठोक्यावर तुकडा कापायचं. लय वाढवली की काप जवळ येणार, कमी केली की लांब जाणार, सूर मात्र जागच्या जागी.

१९९८मध्ये अमेरिकेतल्या मॅडिसन शहरातल्या 'सॉनिक फाउंड्री'नं ॲसिड काढलं आणि हे सगळं सामान्य माणसाच्या घरात आणलं. लूप उचला, पट्टीवर टाका, माउसनं ओढून हवा तितका लांबवा. गाण्याची लय बदला, सगळे लूप आपोआप त्या लयीत येतात. सूर बदला, तेही त्या सुरात येतात. नोटेशन, स्टुडिओ, सॅम्पलर, कशाचीच गरज नाही. वाद्य न येणारा माणूस संध्याकाळभरात गाणं रचू शकत होता.

मला इंजिनियर म्हणून आवडते ती त्यामागची युक्ती. ॲसिडनं लूपसाठी नवं फाइल फॉरमॅट काढलं नाही. साधी वेव्ह फाइल घेतली. वेव्ह फाइल ही डब्यांच्या रांगेसारखी असते. प्रत्येक डब्यावर चार अक्षरांचं नाव आणि आतल्या मालाचा आकार. ज्या प्रोग्रामला एखादा डबा कळत नाही, तो तेवढा डबा ओलांडून पुढे जातो. ॲसिडनं आपला एक छोटा डबा जोडला : ठोके किती, मूळ लय काय, मूळ सूर कोणता. ही माहिती ज्याला कळते तो वापरेल, इतरांना ती नेहमीचीच वेव्ह फाइल वाटेल.

मालक बदलत गेले

२००३मध्ये सॉनिक फाउंड्रीनं ॲसिड, साउंड फोर्ज आणि व्हेगास ही तिन्ही सॉफ्टवेअरं सोनीला सुमारे १ कोटी ८० लाख डॉलरला विकली आणि स्वतः व्याख्यानं रेकॉर्ड करण्याच्या धंद्यात गेली. सोनीनं सुरुवातीला मनापासून काम केलं. २००६च्या सहाव्या आवृत्तीत मल्टिट्रॅक रेकॉर्डिंग आलं, २००८मध्ये सातवी आवृत्ती आली. मग शांतता. आठव्या आवृत्तीची वाट बघत लोकांनी दहा वर्षं काढली. २०१६मध्ये जर्मनीच्या मॅजिक्सनं ॲसिड विकत घेतलं आणि २०१८मध्ये आठवी आवृत्ती काढली. तोवर जग ३२ बिटांवरून ६४ बिटांवर गेलं होतं.

त्या दहा वर्षांत बाकीचे बसून नव्हते. बर्लिनमधल्या एबलटननं २००१मध्ये 'लाइव्ह' काढलं होतं. त्याच्या कर्त्यांपैकी काही स्वतः मंचावर इलेक्ट्रॉनिक संगीत वाजवणारे. त्यामुळे गाणं वाजत असतानाच लूप बदलता येतील, अशी त्याची रचना. बेल्जियममधल्या डिडिए डांब्रँ या प्रोग्रामरचं 'फ्रूटी लूप्स' १९९७च्या शेवटी आलं, ते सुरुवातीला साधं ड्रम वाजवणारं खेळणं होतं. २००३मध्ये त्याचं नाव 'एफएल स्टुडिओ' झालं. एकदा विकत घ्या, पुढच्या सगळ्या आवृत्त्या फुकट, हे त्यांचं धोरण आजही टिकून आहे. २००४मध्ये ॲपलनं 'गॅरेजबँड' आणलं, त्यात लूप फुकट मिळायचे. २००७च्या रिहानाच्या 'अम्ब्रेला'चा ड्रम त्यातल्याच एका तयार लूपचा आहे. म्हणजे ॲसिडनं जी गोष्ट विकून दाखवली, ती सहा वर्षांत मॅकबरोबर मोफत मिळू लागली.

पण नव्याकडे जाणारे सगळे सुखरूप पोचले असं नाही. २००२मध्ये ॲपलनं 'लॉजिक' बनवणारी कंपनी घेतली आणि विंडोजवरचं लॉजिक बंद केलं. गिब्सन या गिटार कंपनीनं १९९८मध्ये 'ऑपकोड' विकत घेतली आणि तिचं काम थांबलं. २०१३मध्ये तिनं 'केकवॉक' घेतलं, २०१७मध्ये तेही बंद करायचं जाहीर केलं. पुढच्या वर्षी सिंगापूरच्या बँडलॅबनं ते वाचवलं. त्या काळात कुणी "जुनं सोड, मोठ्या कंपनीचं घे" असा सल्ला दिला असता, तर तो अगदी शहाणपणाचा वाटला असता.

आणि जुन्याला धरून बसणारे सगळेच मागे पडले असंही नाही. बरिअल या लंडनच्या कलाकारानं २००७चा 'अनट्रू' हा अल्बम साउंड फोर्जमध्ये केला. साउंड फोर्ज हे ध्वनी कापण्या-जोडण्याचं साधन, त्यात लयीची जाळीही नाही. सगळं कानानं आणि डोळ्यानं. त्याच्या ठोक्यांना जो डुलकेपणा आहे, त्याला हेही एक कारण आहे. त्याच वर्षी केल्विन हॅरिसचा पहिला अल्बम आला, तो अमिगा या तेव्हाच कालबाह्य झालेल्या संगणकावर रचलेला होता. हॅरिसनं नंतर साधनं बदलली. बरिअलला त्याच्या गाण्यासाठी तशी गरज वाटली नाही.

इचलकरंजी

शनिवारी दादाकडे पोचलो. ॲसिड प्रो ७, विंडोज ७, दोन जीबी रॅम, इंटरनेट नाही. "नेट लावलं की बिघडतंय," दादाचा नियम. ॲसिडची प्रत विकत घेतलेली नव्हती. त्या वेळी एका दुकानातून सीडीवर कॉपी करून आणलेली. याचा परिणाम त्या दिवशी प्रथमच आम्हाला नीट कळला : ज्याचं लायसन्सच नाही, त्याला अपग्रेडची सवलतही नाही आणि मदत मागायला जागाही नाही. कंपनीच्या हिशेबात दादा कधी गिऱ्हाईक नव्हताच.

आधी हार्ड डिस्कची नक्कल काढली. मग फायली बघितल्या. दोन प्रकार होते. लूप, म्हणजे वेव्ह फायली, कुठेही वाजत होत्या. आणि ट्रॅकचे प्रोजेक्ट, चारशेच्या वर. कोणता लूप कुठे, किती वेळ, किती आवाजात, हे सगळं त्यात. ते ॲसिडच्या घराण्याबाहेर कुणालाच वाचता येत नाहीत. म्हणजे दादाची वाद्यं शाबूत होती, रचना कुलपात होत्या.

मी माझ्या लॅपटॉपवर दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये हलगीचा एक लूप ९६वरून ११८वर नेला. दादानं दहा सेकंद ऐकलं.

"ही आप्पांची हलगी न्हवं."

"दादा, फाइल तीच आहे."

"फाइल आसंल. हात त्यांचा न्हाई."

मी पुन्हा ऐकलं. तो बरोबर होता. ॲसिड ठोक्याच्या जागा एका पद्धतीनं कापतं, माझं सॉफ्टवेअर दुसऱ्या. हलगीत मोठ्या काठीच्या ठोक्याआधी बारीक काठीची एक घाईची थरथर असते. माझ्याकडे ती पुसट झाली होती. सेटिंग बदलत बसलो तर जवळपास जाता आलं, पण तंतोतंत नाही. तेरा वर्षं लोक ज्यावर नाचले तो आवाज आप्पांचा होता, आणि थोडासा ॲसिडच्या गणिताचाही.

आप्पा म्हणजे गावातले हलगीवाले. दादानं त्यांना एका दुपारी अंगणात बसवून रेकॉर्ड केलं होतं. तीन वर्षांपूर्वी ते गेले. मला कोलमन आठवला. विचारलं, "त्यांना किती दिलेलंस?"

"पाचशे. आणि जेवण." मग थोड्या वेळानं, "तवा ते लई वाटलं हुतं."

त्यावर दोघंही काही बोललो नाही.

दोन दिवस आम्ही एकच काम केलं. ज्या ट्रॅकना अजून मागणी आहे असे साठेक प्रोजेक्ट ॲसिडमध्येच उघडले आणि प्रत्येक वाद्याची पट्टी सुरुवातीपासून शेवटपर्यंत वेगळी वेव्ह फाइल म्हणून काढली. कंटाळवाणं काम. पण आता त्या पट्ट्या कोणत्याही सॉफ्टवेअरमध्ये शून्यापासून लावल्या की ट्रॅक जसाच्या तसा उभा राहतो, हलगीच्या त्या थरथरीसकट. जुन्या मशीनला नवी डिस्क बसवली, यंदाचा सीझन त्यावरच. दिवाळीनंतर नवा संगणक आणि विकत घेतलेलं सॉफ्टवेअर. नवे ट्रॅक तिथे.

म्हणजे दादाच्या प्रश्नाचं माझं उत्तर हे झालं : साधन बदलायचं की नाही, हे सीझन आणि खिसा बघून ठरव. पण त्याआधी तुझं काम त्या साधनातून बाहेर काढून ठेव. मालक बदलतात, बिट बदलतात, दुकानं बंद होतात. साधी वेव्ह फाइल १९९१पासून वाचता येते आहे.

निघायच्या आधी एक छोटं काम उरलं होतं. वेव्ह फाइलच्या त्या डब्यांच्या रांगेत कलाकाराचं नाव लिहायचीही एक जागा असते, फारसं कुणी वापरत नाही. मी चार ओळींचा प्रोग्राम लिहिला. दादा शेजारी बसून सांगत गेला, कोणता लूप कुणाचा. हलगी आप्पांची, संबळ कुणाचा, ताशा कुणाचा. चाळीसेक फायलींमध्ये आप्पांचं पूर्ण नाव गेलं. बहुतेक सॉफ्टवेअरं तो डबा ओलांडूनच पुढे जातील.

या आठवड्यात आप्पांच्या मुलाकडे जाऊन येतो, असं दादा परवा फोनवर म्हणाला. कशासाठी ते मी विचारलं नाही.