१८८२ चें न झालेलें तुफान

भंडारा जिल्ह्यांत तुमसरच्या पुढें चिखला म्हणून एक गांव आहे. मँगेनीजच्या खाणीमुळें त्याचें नांव दूरवर गेलें. मुंबईचा समुद्र तेथून सरळ रेषेंतहि साडेसातशें किलोमीटरांहून दूर. अशा गांवच्या मंडळींपुढें समुद्रावरच्या तुफानांची कथा कशाला, असें कोणी विचारील. परंतु खाणींतला दगड खाणींत राहत नाहीं. त्याला बंदर लागतें. मध्यप्रांतांतील मँगेनीजला जवळची वाट मिळावी, हा विशाखापट्टणचें बंदर बांधण्यामागील एक मोठा हेतु होता. तें १९३३ सालीं खुलें झालें, आणि १२ ऑक्टोबर २०१४ रोजीं 'हुदहुद' नांवाचें चक्रीवादळ नेमकें त्याच शहरावर येऊन आदळलें. आंतल्या मुलखाचें समुद्राशीं नातें असें आडून असतें. शिवाय विदर्भांतील किती घरांतलीं मुलें मुंबईस पोटापाण्याला गेलीं आहेत, हें मीं सांगावयास नको. आज त्या मुंबईबद्दलच बोलणार आहें.

मुंबईच्या नांवावर एक विलक्षण तुफान जमा आहे. ६ जून १८८२ रोजीं तें आलें, समुद्र शहरांत शिरला आणि एक लाख माणसें मेलीं, असें कित्येक पुस्तकांत आणि जगांतील भयंकर आपत्तींच्या याद्यांत छापलेलें आढळतें. आंकडा वाटोळा, तारीख निश्चित. वाचणाऱ्यानें शंका घ्यावी तरी कोठें? आणि तरीहि हें तुफान झालेंच नाहीं.

साधा हिशेब करून पाहा. १८८१ च्या खानेसुमारींत मुंबईची वस्ती ७,७३,१९६ भरली होती. लाख माणसें मेलीं म्हणजे दर आठांतलें एक माणूस गेलें. अशी घरें उजाड झालेल्या शहराची वस्ती १८९१ सालीं ८,२१,७६४ इतकी व्हावी, हें अगदींच अशक्य नसलें तरी चमत्कारिक खरें. कुलाब्याची वेधशाळा १८२६ पासून उभी होती आणि हवेच्या दाबाची टिपणें तेथें नित्य होत होतीं. केंद्राचा दाब एकदम न उतरतां चक्रीवादळ डोक्यावरून जाऊं शकत नाहीं. हवामानखातें १८७५ सालींच निघालें होतें. आणि सर्वांत मला पटणारा पुरावा निराळाच आहे. त्याच १८८२ च्या जुलैंत, म्हणजे या कल्पित प्रलयानंतर अवघ्या कांहीं आठवड्यांनीं, कोल्हापूर प्रकरणांतील टिळक-आगरकरांचा खटला मुंबईच्या हायकोर्टांत चालला. त्यांना शिक्षा झाली आणि डोंगरीच्या तुरुंगांत त्यांनीं १०१ दिवस काढले. लाख प्रेतें पडलेल्या शहरांत न्यायाधीश, ज्यूरी, वकील आणि पुण्याहून आलेले चाहते इतक्या निवांतपणें अब्रुनुकसानीचा वाद ऐकत बसले असते काय?

या गोष्टीचा शास्त्रशुद्ध निकाल मात्र अलीकडे लागला. लेखक अमिताव घोष यांनीं आपल्या २०१६ च्या पुस्तकांत मुंबईवरील वादळाचा प्रश्न मांडला, आणि कोलंबिया विद्यापीठांतील अॅडम सोबेल व त्यांच्या सहकाऱ्यांनीं, त्यांत भारतीय अभ्यासकहि होते, जुने कागद तपासून २०१९ सालीं दाखवून दिलें कीं, समकालीन वृत्तांत अशा संहाराचा मागमूस नाहीं. एकानें लिहिलें, दुसऱ्यानें उतरून घेतलें, तिसऱ्यानें दोघांचा आधार दिला. कलकत्त्याच्या १७३७ च्या वादळाचेहि तीन लाख बळी असेच सांगत आले. त्या वेळच्या कलकत्त्याची सारी वस्तीहि तितकी नव्हती.

येथें एक धोका आहे, आणि तो खोट्या आंकड्याच्या धोक्याहून मोठा आहे. तुफान खोटें ठरलें म्हणजे ऐकणारा सुटकेचा निःश्वास टाकतो. मुंबईला वादळ नाहींच, असें म्हणूं लागतो. पण इतिहास तसें म्हणत नाहीं. पोर्तुगीज काळांत, मे १६१८ मध्यें, वसई-मुंबईच्या पट्ट्यांत झालेल्या भयंकर तुफानाची नोंद आहे. १ नोव्हेंबर १८५४ चें तुफान तर चांगलें नोंदलेलें आहे. अवघ्या कांहीं तासांत सुमारें हजार माणसें बुडालीं-मेलीं असें तेव्हांच्या वृत्तान्तांत आहे. १८८८ च्या नोव्हेंबरांत कच्छहून मुंबईकडे निघालेली 'वैतरणा' आगबोट शेंकडों उतारूंसह सौराष्ट्राच्या किनाऱ्याजवळ वादळांत नाहींशी झाली. विजेच्या दिव्यांमुळें लोक तिला 'वीजळी' म्हणत. आणि २१-२२ नोव्हेंबर १९४८ चें वादळ थेट मुंबईलगतच्या किनाऱ्यावर आलें. म्हणजे ज्याचा गवगवा झाला तें घडलें नाहीं, आणि जीं घडलीं तीं आपण विसरलों.

विसरण्यास कारणहि आहे. अरबी समुद्रांत बंगालच्या उपसागराच्या मानानें वादळें फार थोडीं होतात. ऐन पावसाळ्यांत खालचा व वरचा वारा परस्परविरुद्ध वाहत असल्यामुळें वादळाची उभारणी मोडते. म्हणून तीं मे-जूनमध्यें किंवा ऑक्टोबर ते डिसेंबर या दिवसांत उठतात. त्यांतलीं पुष्कळशीं अरबस्तानाकडे जातात, कांहीं उत्तरेस वळून गुजराथेवर पडतात. मुंबईच्या वांट्यास एखादेंच येतें. दोन पिढ्या मध्यें जातात. आणि त्या दोन पिढ्यांत शहर समुद्रांत पुढें सरकतें. सात बेटें भरून एक केलेलें हें शहर. वरळीची खाडी बांधानें अडवली, मग बॅकबेची भरणी झाली. भरतीच्या पाण्याची जी जागा होती तिच्यावर आज माणसें निजतात.

त्यांतहि दैव कसें आडवें येतें पाहा. आपल्याकडे चक्रीवादळाचा वारा घड्याळाच्या कांट्याच्या उलट फिरतो. वादळ समुद्रावरून जमिनीकडे येत असतां त्याच्या उजव्या अंगाचा वारा समुद्राचें पाणी किनाऱ्यावर लोटतो. डाव्या अंगाचा वारा तें मागें रेटतो. १९४८ सारखें वादळ शहराच्या थोडें उत्तरेस लागलें, तर मुंबई उजव्या बाजूस सांपडते. ३ जून २०२० चें 'निसर्ग' दक्षिणेकडे, रायगडच्या किनाऱ्यावर लागलें आणि मुंबई डाव्या बाजूस राहिली. दुसऱ्याच वर्षीं, १७ मे २०२१ रोजीं, 'तौक्ते' मुंबईच्या किनाऱ्यास न लागतां समुद्रांतूनच उत्तरेस गेलें. तरीहि कुलाब्यास वाऱ्याचे झोत ताशीं शंभर किलोमीटरांहून अधिक वेगाचे होते, आणि मुंबई हायनजीक कामगारांचा 'पी-३०५' हा तराफा बुडून सत्तरांहून अधिक जीव गेले.

मुंबई २०२० सालीं वांचली म्हणून आपण हुश्श केलें. पण वादळ कोठें तरी लागलेंच होतें. श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूड, हरिहरेश्वर, खालीं दापोलीपर्यंत नारळी-पोफळीच्या वाड्या एका दुपारीं आडव्या झाल्या. श्रीवर्धनच्या रोठा सुपारीची ख्याति जुनी. पोफळीचें रोप लावल्यापासून सुपारी हातीं येईपर्यंत सहा-सात वर्षें जातात. तोंवर माळ्यानें वाडींत दुसरें कांहीं लावायचें, पोराला मुंबईस धाडायचें, आणि दर मे महिन्यांत पश्चिमेकडचें आभाळ पाहत राहायचें.