रमाबाईंनी काय मागितले

पंडिता रमाबाईंची आठवण आपण मंडळीत बहुधा केडगावच्या निमित्ताने काढतो. दुष्काळ, निराधार मुली, मुक्ती मिशन. ते सगळे खरेच आहे. पण दयेच्या या चित्रामागे त्यांची एक बाजू झाकून जाते, असे आम्हाला वाटते. मुलींना नुसता आसरा मिळावा एवढ्यावर त्या थांबल्या नाहीत. मुलींना अधिकाराच्या जागा मिळाव्यात, अशी त्यांची मागणी होती.

१८८२ साली शिक्षणाची चौकशी करणारे हंटर कमिशन पुण्यात आले. रमाबाई तेव्हा २४ वर्षांच्या. त्याच वर्षी पती वारलेले, पदरी लहानगी मनोरमा. ख्रिस्ती विश्वासात त्या अजून आल्या नव्हत्या. त्यांनी कमिशनपुढे मराठीत साक्ष दिली आणि स्पष्ट मागितले: शिक्षिका तयार करा, स्त्रियांना वैद्यकीचे शिक्षण द्या, आणि मुलींच्या शाळा तपासायला स्त्रियाच नेमा. कारणही दिले. पुरुषांना शिक्षिकेचा मोहरीएवढा दोष दिसला, तरी ते त्याचा डोंगर करतात. मोहरीचा दाणा आपल्या ओळखीचा, पण बाईंनी तो भलत्याच कामी लावला!

पुढच्या वर्षी इंग्लंडात वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. नंतर चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात त्या राहिल्या. तेथे त्यांनी तरुण पुरुषांनाही शिकवावे असा विचार निघाला, तेव्हा हिंदुस्थानातील बिशपांकडूनच हरकत आली. बाईंनी उत्तरात आश्चर्य व्यक्त केले. माझी आई तरुण मुलग्यांना शिकवत असे, मीही शिकवले. त्याला ना वडिलांनी हरकत घेतली ना पतीने, मग इथे का? हे वडील म्हणजे अनंतशास्त्री डोंगरे. पत्नी लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकवले म्हणून त्यांनी समाजाचा रोष पत्करला आणि गंगामूळच्या रानात बिऱ्हाड केले. रमाबाई तिथेच जन्मल्या आणि आईकडून शिकल्या.

ही हरकत आपल्याच घरातून आली, हे आपण सहसा सांगत नाही. सलाफहादाच्या मुली वतन मागायला मोशेपुढे उभ्या राहिल्या, तेव्हा मोशेने त्यांना परत पाठवले नाही. त्यांचे म्हणणे प्रभूपुढे नेले. आज शब्बाथशाळा मुली सांभाळतात, गायनमंडळही त्याच. कमिटीची नावे वाचली जातात, तेव्हा त्या किती असतात, ते प्रत्येक मंडळीने मोजावे.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडले. तिथे आलेल्या पहिल्या विधवा विद्यार्थिनी गोदूबाई, पुढे महर्षी कर्व्यांच्या पत्नी. १८९३ मध्ये धर्मांतराच्या शंकेने न्यायमूर्ती रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. वाद मोठा होता; दोन्ही बाजूंना प्रामाणिक माणसे होती. सदन मात्र बंद पडले नाही.

मग १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून आणि १९०० च्या सुमारास गुजरातेतून बाईंनी मुली आणल्या. केडगावात त्या वाचायला शिकल्या, विणायला शिकल्या, छापखाना चालवायला शिकल्या. मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून रमाबाईंनी मराठी बायबलचे भाषांतर केले. ५ एप्रिल १९२२ रोजी बाई प्रभूकडे गेल्या. ते बायबल मुक्तीच्याच छापखान्यात, तिथल्या स्त्रियांनी टाइप जुळवून छापले.