झोपेच्या टप्प्यांची कुळकथा

निद्रेचे टप्पे असतात हे आज सर्वमान्य असले, तरी त्या टप्प्यांच्या सीमा आखण्यात मेंदूइतकाच नोंदयंत्राच्या कागदाचाही हात आहे. एकोणिसाव्या शतकात झोपेची खोली, माणूस किती मोठ्या आवाजाने जागा होतो यावरून मोजत. म्हणजे जे मोजायचे ते मोडल्यावाचून मोजता येत नसे. जर्मनीतील येना येथील मनोविकारतज्ज्ञ हान्स बर्गर यांनी १९२९ मध्ये मानवी मेंदूच्या विद्युत्-लहरींचा आलेख प्रसिद्ध केला आणि ही अडचण दूर झाली. वॉल स्ट्रीटवर संपत्ती कमावून विज्ञानाकडे वळलेले आल्फ्रेड लूमिस यांनी न्यूयॉर्कजवळील टक्सीडो पार्क येथील आपल्या खाजगी प्रयोगशाळेत रात्रभराचे आलेख काढले आणि १९३७ मध्ये सहकाऱ्यांसह ‘ए’ ते ‘ई’ अशा पाच अवस्था मांडल्या. डोळ्यांच्या हालचाली मात्र त्यांच्या वर्गीकरणात नव्हत्या, त्यामुळे निद्रेतील सर्वांत नवलाची अवस्था त्यांच्या हातून निसटली.

ती सापडली शिकागो विद्यापीठात. युजीन असेरिन्स्की या विद्यार्थ्याने आपल्या लहान मुलाच्या झोपेची नोंद घेताना लेखण्या एकाएकी वेगाने हलू लागलेल्या पाहिल्या आणि यंत्रच बिघडल्याचा त्याला प्रथम संशय आला. तो संशय फिटल्यावर, १९५३ मध्ये, त्याने व नॅथॅनियल क्लाइटमन यांनी जलद नेत्रचलनाची, म्हणजे ‘रेम’, निद्रा जाहीर केली. विल्यम डिमेंट व क्लाइटमन यांनी १९५७ मध्ये दाखवले की ही अवस्था रात्रीतून सुमारे दीड-दीड तासाच्या अंतराने परतते आणि तीत उठवलेली माणसे बहुधा स्वप्न सांगतात.

प्रत्येक प्रयोगशाळेने आपापल्या परीने टप्पे मोजू नयेत म्हणून १९६८ मध्ये ॲलन रेक्टशाफेन व अँथनी केल्स यांच्या संपादनाखाली एक प्रमाण नियमावली निघाली. कागद सेकंदाला १० मिलिमीटर सरके, तेव्हा ३० सेंटिमीटरच्या पानावर ३० सेकंद मावत आणि आठ तासांच्या झोपेला ९६० पाने लागत. त्या पानालाच वर्गीकरणाचे एकक मानले गेले. ज्या पानाचा २० ते ५० टक्के भाग मंद, उंच लहरींनी व्यापला ते तिसऱ्या टप्प्याचे, त्याहून अधिक व्यापला ते चौथ्याचे. ही रेषा सोयीची होती, निसर्गाची नव्हे. म्हणूनच २००७ मध्ये अमेरिकन निद्रावैद्यक अकादमीने हे दोन्ही टप्पे एकत्र केले. कागद गेला तरी ३० सेकंदांचे एकक मात्र टिकले. एका एककात दोन अवस्था आल्यास अधिक भाग व्यापणाऱ्या अवस्थेचेच नाव त्याला मिळते, त्यामुळे दहा सेकंदांची जाग टप्प्यांच्या तक्त्यात झोप म्हणूनच जमा होते.